वरुत तांडेलाच्या चपला

१४ जुलै, सोमवार

दुसरी आवृत्ती निघतेय. साठेंनी सकाळी फोन करून पक्कं सांगितलं. प्रकाशक स्वतःहून फोन करतो म्हणजे खरं असावं. निवृत्त उपसंपादकाची पहिली कादंबरी, तीही राजे, जहाजं आणि पाण्यातल्या सर्पांची. 'खारराज्य, भाग पहिला' इतकं चालेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

वाचकांचं एकमत मात्र नाही. पवईहून एकाची लांबलचक मेल: नकाशात वारा ज्या बाजूने दाखवलाय तिथून जहाजं येऊच शकत नाहीत. मुलुंडच्या एक बाई: नावं लक्षात राहत नाहीत, वंशावळ छापा. बोरिवलीच्या वाचनालयात तर एकाने तोंडावर सांगितलं, पहिली शंभर पानं नसती तरी चाललं असतं. नीलाचंही तेच म्हणणं, पण ती बायको.

वरुत तांडेलावर सगळे खूश. शेवटच्या पानावर त्याचं गलबत धुक्यात शिरतं आणि परत येत नाही. त्याची म्हातारी आई दरवर्षी त्याच्या मापाच्या नव्या चपला दारात ठेवते. 'चपलांपाशी रडलो' असं लिहिणारे पुष्कळ.

चपला माझ्या नाहीत.

१७ जुलै, गुरुवार

लिहून टाकतो. चपला भारतीच्या घरच्या. पेपरच्या डेस्कवर वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसायची. वेसाव्याची. धाकटा भाऊ मोरेश्वर बोटीवर गेला, वादळात बोट गेली. बाकीचे सापडले, तो नाही. तेव्हापासून आई दर नारळी पौर्णिमेला त्याच्यासाठी नव्या चपला दारात ठेवते, आठ नंबर. आदल्या वर्षीच्या कुणाला तरी देऊन टाकते. डबा खाताना एकदाच सांगितलेलं. पुन्हा विषय नाही.

मी काय केलं? नाव बदललं. गाव बदललं. बोटीचं गलबत केलं. डेस्कवर हेच करायचो. कंसात 'नाव बदलले आहे' टाकलं की बातमी पानावर सोडायला मोकळे. बाहेरच्यांना ओळखू येऊ नये, एवढ्यासाठीच असतं ते. घरच्यांना ओळखू येणारच. इतक्या वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नाही.

भा.ला पुस्तक मीच दिलं. वर सही करून. त्यानंतर काही बोललेली नाही. वाचलं नसेल, असं धरून चाललोय. सोयीचं आहे.

२० जुलै, रविवार

भा.चा फोन. वाचलंय. दिलं त्याच आठवड्यात. आता आईला वाचून दाखवतेय, रोज संध्याकाळी थोडं थोडं.

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. तिनं तोडलं. "ते नंतर. आई काय म्हणते ते ऐक."

आईला सर्पांचा कंटाळा आलाय. राजदरबार सुरू झाला की उठून भात लावायला जाते. वरुत आला की परत येऊन बसते. पवईवाल्यापेक्षा थोडक्यात समीक्षा.

चपला आल्या तेव्हा काय म्हणाली, ते विचारलं. विचारायला नको होतं.

"काही नाही. पुढचं वाच म्हणाली."

२४ जुलै, गुरुवार

घाटकोपरला साठेंकडे. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण मे महिन्यातच देऊन ठेवलंय, मुदतीच्या आत, सवयीप्रमाणे. त्यात वरुत किनाऱ्याला लागतो. मेलेला. आई ओळखते. चपला त्याच्याबरोबर देते.

साठेंना ते नकोय. "वाचकांना तांडेल हवाय हो. तुम्ही त्याला पहिल्याच प्रकरणात संपवताय. जिवंत आणा, पाच भाग चालेल." सोमवारी, चार तारखेला, कळवायचं. मग मजकूर छपाईसाठी जुळणीला जाणार.

जवळजवळ हो म्हणून आलो. वाचक खूश, साठे खूश, वेसाव्याच्या घरातही बरं वाटेल. मीही सुटेन.

येताना रिक्षात आठवलं. बेपत्ता माणसाला मृत लिहायचं नाही, खात्री होईपर्यंत थांबायचं. डेस्कवर नव्या माणसांना मीच शिकवायचो. हेडिंग बदलायला लावलीयत त्यासाठी. आणि इथे घरी बसून, चहा पीत, मी मोरेश्वरला किनाऱ्यावर आणून ठेवलं. वरुतला, म्हणायचं होतं.

२७ जुलै, रविवार

वेसाव्याला गेलो. भा. बंदरावरच भेटली, घरी नको म्हणाली. बोटी अजून वर ओढलेल्या, एकीचं रंगकाम चाललेलं. उभ्याउभ्याच माफी मागितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली. त्यानेच जास्त लागलं.

"विचारायचं होतंस रे. मी हो म्हटलं असतं की नाही, माहीत नाही. पण विचारायचं."

मग साठेंचं सांगितलं. वरुतला परत आणतो, म्हटलं. आईसाठी.

"आईसाठी आणायचा तर खरा आण."

मग सांगायला लागली. चपला दरवर्षी तीच आणते, अंधेरी स्टेशनच्या बाहेरून, एकाच दुकानातून. दुकानदार दरवेळी विचारतो, भाऊ कसा आहे. बरा आहे म्हणते. आईला कधीतरी सांगायचं, आता पुरे, असं दरवर्षी ठरवते आणि पिशवी घेऊन घरी जाते.

"तू मारलायस ना त्याला? मग राहू दे तसाच. मला नाही जमलं ते."

शिक्षा केली असती तर बरं वाटलं असतं. काम दिलं.

३० जुलै, बुधवार

आईचं पुस्तक वाचून संपलं. पुढे काय, म्हणाली. भा.नं सांगितलं, दुसरा भाग यायला वर्ष लागेल. त्यावर आई म्हणाली, वर्ष कशाला, लिहिणारा अंधेरीलाच राहतो ना, बोलव त्याला रविवारी जेवायला. लिहून झालं असेल ते घेऊन ये म्हणावं. सर्प वगळून.

भा. हसली सांगताना. मीही हसलो.

नीलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "त्यांच्या घरचं उचललंस, आता जेवायलाही चाललायस." वर बघितलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "जा पण. न जाणं आणखी वाईट."

२ ऑगस्ट, शनिवार

पहिल्या प्रकरणाची प्रिंट काढली. मोठा टाइप, मोठ्याने वाचायला बरा. स्वयंपाकघराचं दार लावून वाचून पाहिलं. चपलांच्या परिच्छेदाशी थांबलो. वाक्यं चांगली आहेत. तेच खुपतंय.

मुलुंडच्या बाईंची परत मेल. नावं आता पाठ झाली म्हणतात. 'वरुत जिवंत आहे ना, एवढंच सांगा, कुणाला बोलणार नाही.' उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी भा.चा फोन. पुढच्या शनिवारी नारळी पौर्णिमा. उद्या बाजारात जाणार होती म्हणून आईला नेहमीसारखं विचारलं, चपला आणू ना? पहिल्यांदाच आई लगेच हो म्हणाली नाही.

"तो काय वाचतो ते ऐकू दे, म्हणाली. मग सांगते."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला.

साठेंना परवा कळवायचंय. उद्या बारापर्यंत वेसाव्याला. कोलंबीचं कालवण आहे. प्रकरण पिशवीत ठेवलंय, एक अक्षर बदललेलं नाही. अजून.

आधी जेवायचं की आधी वाचायचं, ते भा.ला विचारायचं राहिलं.