पाहुण्यांची सफरचंदं

माय, तुझी सून आजारी आहे. हे तुला आधीच सांगायला पाहिजे होतं, पण लिहायला बसलो की वाटतं, लिहिलं म्हणजे खरं होईल, आणि मी उठून जातो. पोटात गाठ आहे म्हणतात. दवाखान्यात नेतो, सुया लावतात, घरी आणतो. त्या सुयांनी तिच्या तोंडाची चव गेली. भात मातीसारखा लागतो म्हणते, वरण लोखंडासारखं. डॉक्टर चांगला माणूस आहे, पण भरभर बोलतो आणि मी सहावीत शाळा सोडलेला. अर्धं समजतं, उरलेल्या अर्ध्याची घरी येऊन काळजी करत बसतो. एवढं मात्र नीट समजलं की तिने खात राहिलं पाहिजे. काय खावं, असं विचारलं तर म्हणाला, जे जाईल ते.

भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येतो. आपल्याकडे आजारी माणसासाठी दुसरं काही आणायचं कोणाला सुचतच नाही. पिशवी उशाशी ठेवतात, तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि आवाज उतरवून बोलतात. ते गेले की ती भिंतीकडे तोंड करते. एकदा म्हणाली, "जेवढे सेब येऊन राहिले ना जी, तेवढी मी जास्त बिमार दिसून राहिली असन लोकाइले." मला तर तिच्यापेक्षा जास्त भीती. बाबा हातमाग सोडून अंथरुणाला लागले तेव्हा पाचपावलीच्या आपल्या खोलीत, कोनाड्यात सफरचंदं आली होती. मला एक पाहिजे होतं. तू म्हणालीस, "ते तुया बाबाचे हायेत, हात नको लावू." बाबांनी काही ती खाल्ली नाहीत. त्यांच्या साली सुरकुतल्या आणि तेरवीनंतर तू ती शेजारच्या बकरीपुढे टाकलीस. मी दारात उभा आहे. बकरी खाते आहे आणि तू पदराने तोंड पुसते आहेस. पुढे तू आजारी पडलीस तेव्हा मी कामठीहून, पॉवरलूमची पाळी संपवून येताना सफरचंदं घेऊन आलो, तर तू पिशवीत डोकावून म्हणालीस, "इतकी बिमार हाय काय गा मी?" आणि हसलीस. मला हसता आलं नाही. तेव्हापासून फळवाल्याच्या गाडीवर मी ती बघत नाही.

आता तर घरात ढीग लागला. टाकवत नाहीत, खाववत नाहीत. मुलाची बायको, म्हणजे तुझी नातसून, तू तिला पाहिलं नाहीस, ती नोकरीला जाते. तिने एक एअर फ्रायर आणला आहे. लहान बादलीएवढा काळा डबा, त्याला खणासारखं भांडं. ती म्हणाली, "बाबा, या सेबच्या पातळ चकत्या करा, वरून दालचिनी टाका आणि यात ठेवा. चिप्स होतात. आई खाऊन पाहतील." मी विचारलं, तेल किती? "तेल लागतच नाही, गरम हवेने होते." तुझी सून पलंगावरून म्हणाली, "हवेनं तळते? मंग मे महिन्यात आपण सगळे काहून नाही तळलो वं?" खूप दिवसांनी तिने असं काही म्हटलं होतं. तेवढ्यासाठी मी सुरी हातात घेतली.

दालचिनी म्हणजे आपली कलमी. तू ती मटणाच्या मसाल्यात घालायचीस, पाट्यावर वाटताना वास गल्लीत जायचा. ती फळावर टाकताना हात अडखळला. पहिल्या दिवशी काय झालं, चकत्या वाऱ्याने उडाल्या आणि वर तापलेल्या तारेला जाऊन चिकटल्या. धूर झाला. मी घाबरून बटण बंद केलं, प्लग काढला, खिडक्या उघडल्या, शेजारी विचारायला आले. "ते कुत्रं नाही जी," ही म्हणाली, "चावत नाही. करा आणखी." नातसुनेने वरून ठेवायला जाळी दाखवली. दुसऱ्या दिवशी चकत्या उडाल्या नाहीत, पण मी दर थोड्या वेळाने खण उघडून बघत होतो. बोटाने दाबली की नरम. पुन्हा आत. पुन्हा नरम. असं करता करता सगळ्या काळ्या झाल्या. मग तू आठवलीस. दिवाळीचे शंकरपाळे तळून तू कागदावर काढते आहेस, मी एक उचलतो आणि ओरडतो, नरम राहिले, बिघडले. तू झारा उगारतेस. "गरम गरम कोणता कुडकुडीत होते गा? निवू दे ना. जवा पाहावं तवा जीव टांगलेला." तिसऱ्या दिवशी मी चकत्या थोड्या पिवळ्या झाल्या की काढल्या, ताटात पसरल्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. बसवत नव्हतं. परत येऊन पाहिलं तर एक हातात घेताच मोडली.

तिने पहिली चकती तोंडात घातली. मग म्हणाली, "सेबाचं मटण केलं काय जी?" आणि आणखी एक घेतली. म्हणाली, चव नाही लागत, पण दाताखाली काही तरी मोडते, बरं वाटते. त्या दिवसापासून मी रोज करतो. रविवारी तिचा धाकटा भाऊ आला, पुन्हा पिशवी घेऊन. ही उठून बसली. केस सारखे केले, मला सांगून ताटली मागवली आणि स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे केली. त्याने मूठभर खाल्ल्या. "मस्त हाय वं ताई. कोणत्या दुकानातून आणले?" ही म्हणाली, "तूच त आणले होते मागच्या खेपेले. खाय आता, आपलेच सेब." तो हातातली चकती बघत बसला, मग असा हसला की त्याला ठसका लागला. ती मला त्याला पाणी द्या म्हणत होती, चहा ठेवा म्हणत होती, बसायला खुर्ची द्या म्हणत होती. त्या तासाभरात आजारी कोणी नव्हतं. तो पाहुणा होता आणि ती घरची बाई होती. माय, मी तेवढ्यावर किती काय काय धरून चाललो होतो तुला सांगता येत नाही. वाटलं, खाते आहे, हसते आहे, म्हणजे उलटं फिरलं.

फिरलं नाही. दवाखान्यात डॉक्टर या वेळी सावकाश बोलला, आणि त्याच्या सावकाशीचीच मला धास्ती बसली. आता सुया बंद आहेत. पाणीसुद्धा चमच्याने घेते. तरी काल दुपारी मी चकत्या केल्या, कारण न करून काय करू. तिने एक उचलली, ओठांपर्यंत नेली आणि ठेवून दिली. मी ताटली उचलायला गेलो. "राहू द्या," म्हणाली, "तुमी खा."

"मले नाही पाहिजे."

"खा ना जी. मले आवाज त ऐकू द्या."

मी तिच्याजवळ बसून एक खाल्ली. तिने डोळे मिटले. "आणखी," म्हणाली. मी आणखी खाल्ली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कसे झाले आज?" मी म्हटलं, ठीक हाय, काही खास नाही. ती डोळे न उघडता म्हणाली, "खोटं बोलून राहिले," आणि तिला झोप लागली.

आता ती झोपली आहे म्हणून लिहितो आहे. जागी झाली तर विचारेल काय लिहिता, मी सांगेन लाइटच्या बिलाचा अर्ज आहे. हा कागद तिच्या हाती लागू देणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो कसा येणार, म्हणून फाडूनच टाकीन. इतके दिवस मी चकती मोडते का एवढंच पाहत होतो, चव कधी घेतली नव्हती. काल घेतली. फार चांगली लागली, माय. तिला झोप लागली तेव्हा आवाज ऐकायला कोणी नव्हतं, आणि ताटलीत बऱ्याच चकत्या होत्या. त्या मी सगळ्या खाल्ल्या.