चिंगीच्या जिभेखालचा दोरा

मंगळवार, संध्याकाळ. राजकोट.

आज कामात लक्षच नाही. दुपारी आईने उल्हासनगरहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागे आमची मांजर दिसली, चिंगी, जीन्सच्या ढिगावर पडलेली. हाक मारली तर कान पण नाही हलवला. एरवी माझा आवाज आला की मोबाइल चाटते.

"उन्हाने सुस्तावलीय," आई म्हणाली. "कालपासून खात नाही, एवढंच."

एवढंच? आई घरी कारखान्यातून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापते आणि ही दिवसभर त्यातच खेळते. म्हटलं, तोंड उघडून बघ. जिभेखाली पिवळा दोरा अडकलेला, दुसरं टोक घशात.

"थांब, ओढून काढते."

"ओढू नको. आतडं कापतं. गल्लीतला बोका असाच गेला ना? डॉक्टरकडे ने."

"तू कधी डॉक्टर झालास रे?" बोलली, पण रिक्षा केली.

डॉक्टर म्हणाले, ओढला नाही ते बरं केलं, पण ऑपरेशन लागेल. आता आत नेलीय. तो पिवळा दोरा डोळ्यासमोरून जात नाही. वाचेल ना ती?

आईला म्हटलं, घरी जा, ते फोन करतील. तर म्हणते, "शुद्धीवर आल्यावर कुणी ओळखीचं दिसायला नको का तिला?"