मोटरीचा फोन अन् कुंदनचा फोन

मु. पो. बार्शीटाकळी, जि. अकोला

तीर्थस्वरूप सौ. साधनाताईले धाकट्या भगवंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार, अन् भाऊजीच्या दुखऱ्या गुडघ्यालेही. गुडघ्याले तेल ते सोता लावून राहिले की तुलेच लावा लागून राहिलं, ते कळवजो. आमी इकडे बरे आहोत, म्हंजे जित्ते आहोत. अमरावती काही विलायत नाही, मग फोन सोडून यानं कागद काहून लिवला असं तुले वाटन. ताई, फोनावर बोललो त घरात दोनच खोल्या, सारं आयकू येते. अन् फोनावर लिवलेलं कोन कोन वाचू शकते, ते मले आता चांगलंच कळलं.

तुहा भाचा कुंदन अकरावीत गेला अन् त्याचं तोंडच बंद झालं. जेवला का? हं. क्लास झाला? हं. पैसे पायजे? हं. (तुह्या भावजयीले, दीपमालाले, या तिन्ही हं मधला फरक समजते. मी बाप असून मले समजत नाही.) दिवसभर मान खाली अन् अंगठे चालू. बुधाजीच्या पोरानं मोबाइलच्या जुगारात बापाची मोटरसायकल घालवली, तवापासून माह्या डोळ्याले डोळा लागेना. आता तुले ठाव हाय, वावरातली पाण्याची मोटर मी घरूनच फोनानं चालू-बंद करतो. लाइन गेली, नाहीतर मोटर लय वेळ चालली, की तिच्यावर बसवलेलं मशीन मले मेसेजही करते. माह्या मनात आलं, एवढी पाच हॉर्सपॉवरची मोटर माहं आयकते, त मीच जन्माले घातलेला पोट्टा काहून नाही आयकणार? दीपमाला म्हणे, पोराले समोर बसवून इचारा. मी म्हणलं, इचारतो त हं म्हणते.

मग अकोल्याच्या जठारपेठेतल्या ओमप्रकाशकडे गेलो. मोटरीचं मशीन त्यानंच बसवून देल्लं होतं. त्यानं कुंदनचा फोन साफ करतो म्हून घेतला अन् त्याच्यात असं अ‍ॅप टाकलं, की पोरानं कोनाले काय लिवलं अन् त्याले कोनी काय लिवलं, ते सारं माह्या फोनात दिसे. पण त्या शहाण्यानं मोटरीची अन् पोराची घंटी एकच ठेवली. (मीही शहाणाच, दुसरी लावून दे म्हणलं नाही.) घंटी वाजली की मी वावरात पळत जाओ, मोटर आपली मजेत चालू, अन् मेसेज पाहा त कुंदननं मित्राले इचारलेलं, उद्या भौतिकशास्त्राची वही आणशील का.

एका दिवशी घंट्यावर घंट्या. आता पोट्टा सापडला म्हून मी अकोल्याले त्याच्या क्लासकडे सुटलो. मेसेज वाचत बसलो नाही, रंगेहात पकडाचं होतं ना! क्लाससमोर रसवंती हाय, तिच्या मांगं तोंडाले दुपट्टा बांधून उभा राहिलो. (रसवंतीवाला मले दोनदा म्हणे, काका, बसून प्या.) कुंदन दोस्ताईसंग बाहेर आला, सरळ माह्यापाशी आला अन् म्हणे, "बाबा, मोटर बंद करा. शालिकरामकाकाचा वावरातून फोन होता, कोबीत पाणी तुंबलं." घंट्या मोटरीच्या होत्या, ताई. सारी कोबी सडली. तिचं काही नाही, पुन्हा लावीन. पण तुमी इथं काहून उभे आहा, हे त्यानं मले इचारलंच नाही. घरी येईपर्यंत माह्या मांगं गाडीवर बसला, पण हं सुद्धा म्हणला नाही. ते मले लय लागलं.

बाकी त्या मेसेजात काहीच निघालं नाही. जुगार नाही, लफडं नाही. रागिणी नावाची एक पोरगी हाय, ते त्याले रसायनशास्त्रात कमी मार्क पडले म्हून झाडते. त्याचा बाप मी असून ते काम ती पोरगी करून राहिली. बस, एवढंच. तुमी सांभाळून राहा.

तुहा भाऊ,
भगवंत

ता. क. काहीच निघालं नाही हे मी खोटं लिवलं. तू त्याले लिवते तेही मले दिसे. "तुहा बाप लहानपणापासून संशयी, आईच्या डब्यातले लाडू मोजून ठेवे," हेही वाचलं. ताई, लाडू मी मोजो, कारण तू खाये.

पुन्हा ता. क. त्यानं तुले इचारलं होतं, आत्या, बारावीपर्यंत तुमच्याकडे राहू का, बाबा माह्यासंग बोलत नाहीत, नुसते माह्यावर नजर ठेवतात. तू अजून उत्तर देल्लं नाहीस. माह्यापायी थांबली असशील. तो घडीघडी फोन उघडून पाहे, अन् पलीकडच्या खोलीत मीही पाहो. त्याले हो म्हण. मी सांगतलं असं मात्र सांगजो नको.

आखरीचं. काल ओमप्रकाशकडून ते अ‍ॅप काढून टाकलं. आता तुहं उत्तर मले दिसणार नाही. तूही मले कळवजो नको. तो सोता येऊन सांगन म्हून मी वाट पाहून राहिलो. त्यानं सांगतलं, त मी नुसतं हं म्हणणार नाही.