बिनसाखरेचा बाविसावा दिवस

युसूफ वडगाव, ता. केज
दि. २६ एप्रिल २०२५

चि. सौ. चतुरास,
भाऊचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का घेत नाही म्हणून तू रागावतेस, पण माझा डावा कान गेला आणि उजव्याला फोनमधली नुसती खरखर ऐकू येते. शिवाय चौतीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता चार आपल्या नावाची यावीत एवढी हौस आहे. ती तू पुरवतेस, बरं वाटतं.

बातमी अशी की मी भाकरी सोडली. भात, पोळी, साखर, गूळ, सगळंच सोडलं. गुडघा दाखवायला अंबाजोगाईला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ब्याण्णव किलोचं ओझं हा गुडघा वाहणार नाही, आधी दहा किलो उतरवा. कसे उतरवायचे ते विचारायचं राहिलं, मागे लाईन होती. आपल्या पवनला कळवलं तर पोराने पुण्याहून मला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. चाळीस दिवसांचा नेम आहे. रोज ताटाचा फोटो पाठवायचा. गोडाचा एक कण जरी तोंडात गेला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. मी एकवीस तारखेला सुरुवात केली. कॅलेंडरवर रोज एक फुली मारतो, आज सहावी.

नोकरी होती तोवर दिवसाला वीस किलोमीटर सायकल व्हायची आणि सात-आठ घरी चहा. रिटायर झालो, सायकल सुटली, चहा मात्र तेवढेच राहिले. पोट तेव्हापासूनचं आहे. आता बंकटच्या हॉटेलातही जात नाही, कारण बसलं की तो न विचारता कप ठेवतो. त्यामुळे संध्याकाळ जरा लांब वाटते. पण दोन किलो उतरलं.

तुझी वहिनी असती तर हसली असती. सावित्रीच्या हातची भाकरी समोर असताना हा नेम एक दिवस टिकला नसता.

दाजींना जयभीम, सूनबाई दीपमालाला आशीर्वाद सांग. आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ,
शहादेव


धर्मापुरी, ता. परळी
दि. ४ मे २०२५

ती. भाऊस,
धाकट्या चतुराचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझे दाजी म्हणाले की माणसानं दारू सोडल्याचं ऐकलं होतं, भाकरी सोडणारा पहिलाच बघितला. सूनबाई हसू दाबत होती. मला मात्र हसू आलं नाही.

साखर कमी केलीस ते मला पटतं. तुझ्या चहात चमचा उभा राहायचा. पण भाकरीनं काय घोडं मारलं? आपली आई जन्मभर भाकरी आणि ठेचा खाऊन रोजानं गेली, तिच्या अंगावर कधी मूठभर मांस चढलं नाही. भाकरीऐवजी काय खातोस ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. शेंगदाणे मुठीनं खात असशील, मी ओळखते तुला.

आणि भाऊ, तू बोलतोस कोणाशी? बंकटकडे जात नाहीस. पवन पुण्याला. आप्पाराव तर तीन वर्षांपासून तुझ्या दारात पाय ठेवत नाही आणि त्यात चूक तुझीच आहे. वहिनी गेली तेव्हा त्याच्या सुनेचं बाळंतपण होतं, तो छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात अडकला होता. पुण्यानुमोदनाला धावत आला, तर तू भरल्या पंगतीत म्हणालास की मातीला यायला वेळ नव्हता, जेवायला मात्र बरोबर पोचलास. वाढलेल्या ताटावरून उठून गेला तो माणूस. मी वाढत होते, त्याचं तोंड मी पाहिलंय. तू दुःखात होतास हे मला समजतं, त्यालाही समजलं असेल. पण तू पुढे एकदाही त्याच्याकडे गेला नाहीस. पहिलीपासूनचा जोडीदार आहे तुझा आणि तुला दुसरा मित्र नाही.

बारा तारखेला पौर्णिमा आहे. विहारात खीरदानाला तो असणारच. तूच आधी बोल. एवढं माझं ऐक.

जेवत जा. माया आहे तशीच असू दे.
तुझी,
चतुरा


युसूफ वडगाव
दि. १४ मे २०२५

चि. सौ. चतुरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज चोविसावी फुली. वजन सत्त्याऐंशी. पँटला दोरी बांधावी लागते. शेंगदाण्यांचं तू बरोबर ओळखलंस. शेंगदाणे, अंडी, तूप आणि केजहून आणलेलं पनीर चालतं. ताट असं घेत नाही, चुलीशी उभ्यानेच उरकतो. फोटोपुरतं तेवढं ताटात मांडतो.

पौर्णिमा चांगली झाली. वंदना झाली, लहान मुलांनी भाषणं केली. खिरीच्या मोठ्या पातेल्यापाशी आप्पाराव होता. सगळे रांगेत जात होते, मी गुडघ्यामुळे भिंतीला टेकून बसलो होतो. तर तो एक वाटी भरून, रांग तशीच सोडून, माझ्यापर्यंत आला. त्याने वाटी पुढे केली. मी वाटीवर हात आडवा धरला आणि सांगितलं की साखर बंद आहे, आज बाविसावा दिवस आहे. मग माघारी जाऊन त्याने ती वाटी पातेल्यात ओतली.

तू म्हणालीस आधी बोल, तर तसं बोलणं झालं म्हणायचं. ग्रुपवर मी हे लिहिलं, समोर आलेली खीर परत पाठवली म्हणून. तासाभरात चाळीस जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. यातल्या एकालाही मी ओळखत नाही.

ऊन फार आहे. काळजी घे. लोभात फरक पडू देऊ नये.
तुझा भाऊ,
शहादेव


धर्मापुरी
दि. २१ मे २०२५

ती. भाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. टाळ्या कसल्या घेतोस?

तुला खरंच कळलं नाही का? ज्याला तू भरल्या पंगतीत जेवणावरून बोललास, तो तीन वर्षांनी, पुन्हा भरल्या लोकांत, स्वतःच्या हातानं तुला खायला घेऊन आला. त्याला दुसरं काय सांगायचं होतं? आणि तू त्याला दिवस मोजून दाखवलेस. आपल्यात कोणी कोणाच्या घरचं खाल्लं नाही तर त्याचा अर्थ काय होतो हे तुला मी सांगावं? आपल्या बापजाद्यांनी ते किती सोसलंय. त्यातून दिवस कोणता? उपाशी राहून, देह जाळून काही हाती लागत नाही, हे तथागतांना कळलं आणि त्यांनी सुजाताची खीर घेतली, तिची आठवण म्हणून तर आपण हे खीरदान करतो. तेवढ्या एका दिवशी तुझा नेम मोडला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का?

आप्पारावची मेहुणी विमलबाई आमच्या गल्लीतच राहते. ती सांगत होती, त्या दिवशी आप्पाराव घरी येऊन न जेवता निजला. म्हणाला म्हणे की, तीन वरसं रोज वाटायचं शहादेवकडं जावं, आता न्हाई वाटत.

भाऊ, ऊठ आणि त्याच्या घरी जा. काही बोलता नाही आलं तर भाकर मागून खा. वाट बघू नकोस.

रागावून लिहिलं, पण मायेनं लिहिलं.
तुझी,
चतुरा


युसूफ वडगाव
दि. १९ जून २०२५

चि. सौ. चतुरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा चौतिसावा दिवस होता. वाटलं, सहाच दिवस राहिलेत, ते पुरे करू आणि मग जाऊ, म्हणजे त्याच्याकडे काय वाढतील ते खाता येईल. तीस मेला चाळीस फुल्या झाल्या. वजन शहाऐंशी. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जावं. खरं सांगायचं तर मी भ्यालो. त्या दिवशी विहारातही मला सगळं कळलं होतं, चतुरा. तो येताना दिसला तेव्हाच. माफी मागण्यापेक्षा साखरेचं बोलणं सोपं होतं, म्हणून ते बोललो.

नेम सुटला तशी भूक सुटली. पंधरा दिवसांत पुन्हा साडेअठ्ठ्याऐंशी. परवा गुडघ्यासाठी अंबाजोगाईला गेलो, तर डॉक्टरांनी या वेळी आहाराच्या बाईंकडे पाठवलं. सायलीताई म्हणून पोरगी आहे, माझ्या नातीच्या वयाची शोभेल. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, बाबा, भाकरी अजिबात सोडायची गरजच नव्हती. तीनची दीड करायची, जोडीला वरण, भाजी. साखर कमी करायची, चहा दोनच. तूप-शेंगदाण्यांनीसुद्धा वजन वाढतं. दिवसभरात एकूण किती पोटात जातं आणि अंग किती हलतं त्यावर सगळं असतं, आणि जे जन्मभर पाळता येत नाही ते दोन महिने पाळून उपयोग नाही. मी तिला विचारलं, वर्षातून एकदा एक वाटी खीर खाल्ली तर? ती हसली. म्हणाली, एका वाटीने कोणी जाड होत नाही, बाबा.

मग ती कागदावर लिहिता लिहिता म्हणाली की जेवता कोणाबरोबर. मी गुडघा चोळत बसलो. तिने पेन ठेवून पाणी दिलं. सावित्री गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.

काल आप्पारावकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारच्याने सांगितलं की आठ दिवसांमागे पोराने येऊन नेलं, कायमचंच. शेळ्या विकल्या, भांडी वाटून टाकली. मी ओट्यावर बसलो तो बराच वेळ बसलो. बंकट येऊन मला घरी घेऊन गेला.

तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मला या घरात फार एकटं वाटतं.
तुझा भाऊ,
शहादेव


धर्मापुरी
दि. २५ जून २०२५

ती. भाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रात्रभर झोप नाही. राखीच्या आधी इकडे ये आणि चांगला महिनाभर राहा. दीपमाला म्हणते, मामांची दीड भाकरी मी मोजून देईन, पण ओसरीत सगळ्यांबरोबर बसून खायची.

विमलबाईकडून आप्पारावचा पत्ता आणला आहे, मागच्या बाजूला लिहिला आहे. त्याचा फोन सुनेकडे असतो आणि तुला तर ऐकू येत नाही. तेव्हा पत्र लिही. लोकांच्या दारात हजारो नेऊन दिलीस, एक स्वतःचं टाक. साखरेचं काही लिहू नकोस.

तुला एकटं पडू देणार नाही, हे ध्यानात ठेव.
तुझी,
चतुरा


युसूफ वडगाव
दि. ३० जून २०२५

प्रिय आप्पाराव,
शहादेवचा जयभीम. वि. वि.

सावित्रीच्या पुण्यानुमोदनाला मी तुला जे बोललो ते हलकट बोलणं होतं. तू दवाखान्यात अडकलास हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. तरी तीन वर्षं मी आलो नाही. त्याला कारण काहीच नाही, नुसती अकड.

पौर्णिमेला तू वाटी घेऊन आलास, तेव्हा मी ती दोन्ही हातांनी घ्यायला हवी होती. नाही घेतली. तुझ्या घरी आलो तेव्हा कुलूप होतं. यायला मला चाळीस पावलं होती आणि मी चाळीस दिवस लावले.

मला माफ कर असं लिहितो. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. पोस्टात आता एक मुलगी आहे, ती सकाळी अकराला माझ्या दारावरून जाते. मी त्या वेळी बाहेरच असतो.

नातवंडांना आशीर्वाद. मनातून काढून टाकू नकोस.
तुझा,
शहादेव


छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै २०२५

शहादेवास आप्पारावचा जयभीम.

पत्र मिळालं. मोठ्या नातवाकडून दोनदा वाचून घेतलं, हेबी तोच लिहितोय. राग लई आला होता, खोटं कशाला बोलू. आता न्हाई.

इथं चौथ्या मजल्यावर हाय. पोरगा, सून दोघं सकाळी कंपनीत जातात, नातवंडं शाळेत. डबा झाकून ठेवतात, मी बाराला खातो. इथल्या डॉक्टरानं माझीबी साखर तोडली, वजन वाढलंय म्हणून. भाकरीबी मोजून देतात.

पण तुला सांगतो, इथं साखर सोडणं लई सोपं हाय. गावात सोडायची म्हणलं तर दहा दारात न्हाई न्हाई म्हणावं लागतं, माणसं रुसतात, तुझ्यावर मी रुसलो तसं. इथं येऊन महिना झाला, या बिल्डिंगीत मला एकानंबी अजून चहा घेता का म्हणून विचारलं न्हाई. न्हाई म्हणायला तरी कुणी पाहिजे ना, बे.

पत्र टाकत जा.
तुझाच,
आप्पाराव