घरभर मोकळीक

प्रिय आये,

आज क्लासमध्ये मुलांना एक इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना मी मध्येच पुस्तक मिटलं, म्हणून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

'हॅव द रन ऑफ द हाउस'. म्हणजे घरात कुठेही, कधीही वावरायची मुभा असणं. पाहुण्यांबद्दल म्हणतात, मांजराबद्दलही म्हणतात. ज्याचं स्वतःचं घर असतं त्याच्याबद्दल सहसा कुणी म्हणत नाही, हेही मी मुलांना सांगते. आणि उदाहरण मात्र कायम तुझं द्यायचे: माझ्या आईला घरभर मोकळीक आहे.

केवढी मोकळीक गं! दोन खोल्या, एक गॅलरी आणि बाहेरून कुलूप.

आपल्या चौक गावात तू कुणाच्याही मागच्या दाराने शिरायचीस, टोपावरचं झाकण उचलून बघायचीस. माझ्याकडे सिल्व्हर पार्कात राहायला आल्याआल्या तशीच समोरच्या ज्योत्स्नाबेनच्या स्वयंपाकघरात गेलीस, सुके बोंबील घेऊन. जैनांच्या घरी! मी तुला दंडाला धरून परत आणलं, त्यांच्यादेखत. दुसऱ्या दिवसापासून क्लासला निघताना जाळीच्या दाराला कुलूप लावायला लागले.

आई हरवेल, पडेल, असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला तुझी लाज वाटत होती. तू एकदाच म्हणालीस, "बाय, घर चांगलं हाय, पन जायाला कुटं न्हाय." मी तुझ्या हातात टीव्हीचा रिमोट दिला.

तू गेल्यावर काल पहिल्यांदाच ज्योत्स्नाबेन भेटायला आल्या. बोंबलांबद्दल मी पुन्हा माफी मागायला लागले, तर त्यांना आठवेचना. रोज दुपारी त्या आपल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या म्हणे, आणि तू जाळीच्या आतून त्यांच्याशी बोलायचीस. जाताना म्हणाल्या, "एक चावी मेरे पास रखती, तो हम दोनों नीचे जाके बैठते."

हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस? मी तेही बंद करीन असं वाटलं? बहुतेक केलंच असतं गं.

ते उदाहरण आता कधीही देणार नाही. आणि या रविवारी चौक गावात जाईन. फोन न करता, तुझ्यासारखी मागच्या दाराने कुणाच्या तरी घरात शिरेन. दंडाला धरून बाहेर काढलं, तर निमूटपणे निघेन.

चावी पर्समध्ये घेऊन फिरलेली,
तुझी बाय