पौर्णिमेला बंद केलेला पंप

९ फेब्रु., रवि.
प्रज्ञा माहेरी राजनांदगावले गेली, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनले. शुक्रवारी येईल. गच्चीवरची तिची शेती माझ्या गळ्यात. माती नाही, पाइपात भाजी अन् टाकीत खताचं पाणी. दोनदा समजावलं तिनं. मोठा पंप टाकीच्या तळातून पाणी ओढून पाइपात सोडते. लहान पंप नुसता टाकीतलं पाणी घुसळते, तो दिवसरात्र चालू. खताच्या दोन बाटल्या: A बाटलीतलं आधी, दहा मिनिटं थांबून B. मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं डिस्पेन्सरीत औषध घोळलं मी, मले नको शिकवू." हसली. "हव, मम्मी."

शनिवारी हॉटेलात लेट्यूस द्यायचा आहे. पहिलीच ऑर्डर. आपलं शहर राजधानी झाल्यापासून इथं लोक काय-काय पाला खातात, त्यांचं त्यांले माहीत. सुनेनं नोकरी सोडली याच्यापायी अन् आमचा सुमेध अजून तोंड फुगवून आहे. त्यानं बायकोले सांगूनच ठेवलं, ही ऑर्डर नाही जमली तर चुपचाप ऑफिसात परत जायचं.

१२, बुध. माघ पौर्णिमा
संध्याकाळी गच्चीवर वंदना. आमच्या पाऱ्यातल्या, शेजारपाजारच्या अकरा बाया. टाकीजवळच सतरंजी घातली. लहान पंपाची घर्रघर्र मधे येऊन राहिली होती, त्रिशरण नीट म्हणता येईना. बटण बंद केलं. मग खीर, गप्पा, साधनाबाईची चप्पल सापडेना. चांगलं झालं सगळं.

१३, गुरु.
सकाळी टाकीत खताचं प्रमाण मोजायचं मीटर बुडवलं, आकडा कमी. प्रज्ञाले फोन. "एक-एक ढक्कन डालिए मम्मी, पहले A, दस मिनट बाद B." टाकलं. तरी कमी. पुन्हा टाकलं. पुन्हा कमी. मग फोन नाही केला. ती दवाखान्यात, अन् दर वेळी सुनेले काय विचारायचं. ओतत गेली.

चार वाजता कपडे काढायले वर गेली तं बटण दिसलं. कालपासून बंदच. चालू केलं, मीटर बुडवलं. दुपटीच्याही वर. म्हणजे मी ओतलेलं सारं तळाशी बसून होतं अन् मी वरचं पाणी मोजत होती. मोठ्या पंपानं ते तळचं जहाल पाणी दिवसभर मुळांले पाजलं. सारा जन्म पेशंट लोकांले "बाटली हलवून घ्या" सांगितलं अन् स्वतः मात्र…

सहा बादल्या उपसल्या, साधं पाणी भरलं. कोणाले सांगितलं नाही.

१४, शुक्र.
पानांच्या कडा जळल्या. प्रज्ञा दुपारी आली, पिशवी हातात तशीच घेऊन वर गेली. लई वेळ पाइपांजवळ बसून होती. "मैंने ही फ़ोन पे गलत बता दिया होगा मम्मी. बाबा का टेंशन था." तोंड उघडायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "होऊ शकते."

होऊ शकते. हे असं बोलली मी. लिहायलेही लाज वाटते.

१६, रवि.
हॉटेलवाल्यानं दुसऱ्याकडून माल घेतला. सुमेध सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आला, जेवता-जेवता तिले म्हणे, "तेरे बस का नहीं है ये." मी भाकरीचा तुकडा मोडत राहिली. पोट्टा माझा, चूक माझी, ऐकून घेणारी ती.

१९, बुध.
सांगायचं ठरवूनच वर गेली. ती जळकी रोपं काढून पाइप धुऊन राहिली होती. म्हटलं, "प्रज्ञा, त्या दिवशी…" तेवढ्यात तीच म्हणे, "आप नहीं होतीं तो सब सूख ही जाता." ब्रश घेतला अन् पाइप घासत बसली.

काहून नाही बोलली? तिच्या नजरेत मी हुशार बाई आहे, तेवढं जाऊ नये म्हणून. दुसरं काही कारण नाही, इथं तरी सोंग कशाले.

२२, शनि.
सोमवारी जुन्या ऑफिसात तिचा इंटरव्यू. तरी पंधरा रोपं लावली तिनं. "देखते हैं," म्हणे.

सकाळी पाहिलं तं लहान पंपाच्या बटणावर चिकटपट्टी. चालूवरच चिकटवून टाकलेलं. विचारलं, हे कशाले? "ऐसे ही. पूर्णिमा को सब लोग बैठते हैं न यहाँ, किसी का हाथ लग जाता है." रोपांकडं पाहूनच बोलली. कोणाचा हात, ते ना तिनं म्हटलं, ना मी विचारलं. कोणत्या बाईनं सांगितलं असेल? का चौदा तारखेलेच कळलं होतं तिले, अन् तरी स्वतःवर घेतलं?

दुपारी जेवताना सुमेधनं पुन्हा काढलं. "फ़ोन पे उल्टा-सीधा डोज़ बताएगी तो यही होगा." प्रज्ञा वरणाचं भांडं घेऊन माझ्याजवळ आली, वाढू का म्हणून थांबली. सुमेध माझ्यासमोरच बसून होता, एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं.

मी ताट पुढं केलं.