भाडेकरारावरची कोंबडी

नातीच्या आजोबांना तिच्या आजीचा वाकून नमस्कार.

सांगतेय मी, लिहितेय नात. अक्षर वाईट असेल तर तिचं, बोलणं तिखट असेल तर माझं.

एकदाचं घर मिळालं. दोनच खोल्या आणि मोरी एवढीशी, पण खिडकीत ऊन येतं. भाड्याचा करार हातात असल्याशिवाय इथे राहायच्या व्हिसाचा अर्ज घेत नाहीत, आणि करारावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही लागते. मी अंगठा पुढे केला, तर घरमालकीण म्हणाली, "अंगठा नाही चालत." लेकाचा चेहरा पडला. माझ्या एकटीपायी सगळ्यांचंच अडणार, असं वाटलं.

मग मी पेन मागितलं. गिरणीत द्यायच्या दळणाच्या डब्यावर मी खूण म्हणून कोंबडी काढायची ना, तीच काढली. मालकीण म्हणाली, "प्रत्येक पानावर अशीच हवी." सहा पानं, सहा कोंबड्या, शेपटीसुद्धा सारखी. काल अर्ज गेला आणि मी दुपारी घोरत पडले.

गुडघा कसा आहे? गोळ्या घेता, की नुसत्या डबीत जपून ठेवता? शेजारीण भाजी देईल ती नावं न ठेवता खा.

पुढचा अर्ज तुमचा. बँकेत तुमची सही तीनदा जुळली नव्हती, तेव्हा मी गप्प बसले. आता रोज गिरवा. नाहीच जमली, तर सरळ कोंबडा काढा.

वाट बघतेय.

खाली कोंबडी आहे ना, ती मीच.